पूल की मोरी

विषय क्रमांक १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

मागील सभा टाउनशिपची. ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार, दुपारी दोन. ब्लेअर ओढ्यावरचे बांधकाम क्रमांक चौदा कायमचे पाडून टाकावे, असा ठराव झाला. बाजूने पाच, विरोधात कोणी नाही. चार मिनिटे लागली. त्यातले एक मिनिट कॉफीच्या यंत्राविषयी होते.

इतिवृत्तात जे आले नाही, ते असे.

ओढ्याच्या पूर्वेला नाओमी अष्टमकर राहते. जन्म ठाण्याचा, लग्नानंतर टोरांटो, आणि सहा वर्षांपूर्वी तिथला काँडो सोडून ॲशकोम्ब काउंटीतले हे जुने विटांचे घर. घरात ती पाळणाघर चालवते. सहा मुलांची परवानगी आहे आणि मे महिन्यापर्यंत सहा मुले होती. ओढ्याच्या पश्चिमेला नव्या घरांची वसाहत आहे. तिथली माणसे किचनर शहरात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांना जातात. जाताना पूल ओलांडून मुले नाओमीकडे सोडायची, परत पूल ओलांडून हायवेला लागायचे. सात मिनिटांचे काम.

मे महिन्यात एक अवजड ट्रक पाटी न वाचता पुलावरून गेला आणि स्लॅबला भेग पडली. टाउनशिपने दोन्ही टोकांना काँक्रीटचे ठोकळे आणून टाकले. तेव्हापासून नाओमीच्या घरी यायला तेवीस किलोमीटरचा वळसा आहे. सहा मुलांची दोन झाली. त्यातला एक पूर्वेकडच्याच शेतकऱ्याचा, आणि दुसरी पश्चिमेच्या वसाहतीतल्या रुचाची चार वर्षांची ओवी. रुचा वळसा घालून येते, कारण ओवी नाओमीकडेच मराठी ऐकते. बोलते इंग्रजीतच, पण ऐकते.

पूल पाडला तर पाळणाघर एकतीस डिसेंबरला बंद. नाओमीने हे कोणाला रडून सांगितले नाही. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला नुसती फुली मारली.

इतिवृत्त कायम करण्यात आले.

विषय क्रमांक २ : बांधकामाचे माप घेणे व त्याचे नाव ठरवणे

रुचाची आई सुरेखा सप्टेंबरात आली. कोकणातल्या एका जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात चौतीस वर्षे. कनिष्ठ अभियंता म्हणून लागली, उपअभियंता म्हणून निवृत्त झाली. लेकीकडे येऊन तिसऱ्या दिवशी तिने विचारले, इथला रस्ता कोणाच्या ताब्यात आहे. रुचा म्हणाली, गव्हर्नमेंटच्या. सुरेखाने तिच्याकडे असे पाहिले की जणू मुलीला पाढे येत नाहीत.

मग तिने आठवडाभर लेकीच्या लॅपटॉपवर काउंटीची वेबसाइट वाचली आणि जेवताना सगळ्यांना समजावले. हे काही वेगळे नाही. काउंटी म्हणजे जिल्हा परिषद, टाउनशिप म्हणजे पंचायत समिती. दोन्ही देशांना साचा इंग्लंडातून आला, फक्त तिकडे खुर्च्या प्लास्टिकच्या झाल्या. काउंटीकडे मोठे रस्ते, मोठे पूल, ॲम्ब्युलन्स, वृद्धाश्रम, वाचनालये, गरिबांसाठीची घरे आणि पाळणाघरांची व्यवस्था. टाउनशिपकडे गल्लीबोळ, मोऱ्या, बागा, आगीचा बंब आणि कुत्र्यांचे बिल्ले. आणि आपल्याकडे जसे पंचायत समितीचे सभापती जिल्हा परिषदेतही बसतात, तसे इथे टाउनशिपचे मेयर काउंटीच्या सभेतही बसतात. एकच माणूस, दोन टोप्या.

नाओमीला हे ऐकून हसू आले. "काउंटीची बाई दर तीन महिन्यांनी येऊन माझ्या प्लगची झाकणं मोजते, सुरेखाताई. आणि पूल तिच्या खात्यात येत नाही म्हणते."

पूल कोणाच्या खात्यात, हाच प्रश्न होता. काउंटीचा नियम असा, की सहा मीटर किंवा जास्त गाळा, म्हणजे दोन भिंतींमधला मोकळा भाग, असलेले बांधकाम म्हणजे पूल, आणि पूल काउंटीचा. त्याहून कमी म्हणजे मोरी, आणि मोरी टाउनशिपची. काउंटी पूल पाडत नाही, दुरुस्त करते. तिच्याकडे त्यासाठी माणसे आणि यंत्रे आहेत. टाउनशिपकडे दोन ट्रक आणि एक मेयर.

सहा मीटर हा आकडा पाहून सुरेखाला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. भारतातही सहाच.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ती ओढ्यात उतरली. जावयाचे स्नो बूट, डोक्याला स्कार्फ, हातात स्टीलचा टेप. दुसरे टोक रुचाने धरले. दगडांवर पातळ बर्फ होता. सुरेखाने टेप पाण्याला काटकोनात धरला, एका भिंतीच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत. तीनदा मोजले.

पाच मीटर सत्तर.

पाच मीटर सत्तर.

पाच मीटर सत्तर.

वर ठोकळ्यावर बसलेल्या नाओमीला तिने खालूनच सांगितले, "मोरी आहे."

"आमच्या ठाण्याच्या घरात मोरी म्हणजे भांडी घासायची जागा," नाओमी म्हणाली. "तिच्यापायी माझं दुकान बंद होणार?"

सुरेखाने टेप गुंडाळला. काटकोन हा तिच्या नोकरीचा कणा होता. कोकणातले ओढे रस्त्याला सरळ कधी छेदत नाहीत, तिरके जातात. कंत्राटदार टेप रस्त्याच्या दिशेने तिरका धरायचे, म्हणजे माप वाढायचे, मोरीचा पूल व्हायचा आणि काम जास्त निधीच्या शीर्षाखाली जायचे. सुरेखा स्वतः पाण्यात उतरून टेप काटकोनात आणायची आणि पुलाची पुन्हा मोरी करायची. तिच्या माघारी तिला काटकोनबाई म्हणत. तिला ते माहीत होते आणि आवडतही होते.

तर मोरी.

विषय क्रमांक ३ : पाळणाघर बंद होत असल्याची नोंद घेणे

रविवारी नाओमीने पालकांना ईमेल लिहिली. गेलेल्या चौघांनाही पाठवली, कारण त्यांनी पूल उघडला तर परत येऊ असे सांगून ठेवले होते.

नोंद घेण्यात आली.

दुरुस्ती

विषय क्रमांक २ मध्ये 'पाच मीटर सत्तर' असे लिहिले आहे. ते बरोबर आहे.

'तीनदा मोजले' हेही बरोबर आहे.

'काउंटीचा नियम असा' या शब्दांनंतर जे लिहिले आहे, ते सुरेखाने अर्धेच वाचले होते. सहा हा आकडा दिसला आणि उरलेला नियम तिने आपल्या आठवणीतून भरून घेतला. चौतीस वर्षांत तिने दुसऱ्या कोणाच्या फायलीवर असे करू दिले नसते.

हे उघड झाले बुधवारी. पाडकामाचा कंत्राटदार एक डिसेंबरला येणार होता. निदान निषेधाचे पत्र तरी द्यावे म्हणून रुचाने काउंटीच्या पूल-नियमाची प्रत छापून आणली आणि आईसमोर टाकली, कलमाचा नंबर पत्रात लिहायला. सुरेखाने चष्मा लावला आणि सवयीने आधी व्याख्या काढल्या. गाळा म्हणजे काय. एक ओळ. तिने ती वाचली, पट्टी ठेवून पुन्हा वाचली, मग मोठ्याने हसायला लागली. ओवी जेवता जेवता थांबली. "व्हाय इज आजी लाफिंग?"

ती ओळ अशी होती :

गाळा म्हणजे आधारभिंतींच्या आतल्या कडांमधील अंतर,
रस्त्याच्या मध्यरेषेवर मोजलेले.

रस्त्याच्या मध्यरेषेवर. पाण्याला काटकोनात नव्हे. ब्लेअर ओढा रस्त्याला चांगला तिरका कापून जातो.

"रुचा," सुरेखा म्हणाली, "माझ्या कंत्राटदारांची चोरी इथे कायदा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा गेली. ठोकळ्यांमधून आत शिरून रस्त्याच्या मधल्या पुसट पिवळ्या रेषेवर टेप पसरला, ओळंबा सोडून भिंतींच्या कडा वर घेतल्या. या वेळी दुसरे टोक नाओमीच्या हातात होते. टेप तिरका पडलेला पाहून सुरेखाचा हात आपोआप तो सरळ करायला गेला. नाओमीने टोक घट्ट धरून ठेवले.

सहा मीटर एकोणतीस.

विषय क्रमांक ४ : शिष्टमंडळाचे म्हणणे ऐकणे

काउंटीची सभा महिन्याच्या चौथ्या गुरुवारी, सकाळी साडेनऊला. कोणाही रहिवाशाला अर्ज करून दहा मिनिटे बोलता येते. त्याला इथे डेलिगेशन म्हणतात, मग माणूस एकटा का असेना. सुरेखा व्हिजिटर होती, म्हणून अर्ज नाओमीच्या नावाने गेला. नाओमीने लिहिले की तिच्या वतीने तिच्या इंजिनिअर बोलतील. इंजिनिअर या शब्दावर सुरेखाने खूप आक्षेप घेतला आणि मग साडी नेसली. वरून जावयाचा जाडजूड पार्का कोट.

चौदा सदस्य घोड्याच्या नालेसारख्या टेबलाभोवती बसले होते. सातही टाउनशिपचे मेयर आणि उपमेयर. अध्यक्षस्थानी वॉर्डन, म्हणजे होस्टेलची नव्हे, काउंटीची. उंच, शेतात काम केलेल्या हातांची बाई. डावीकडून तिसरा लॉर्न पिकेट, आपल्याच टाउनशिपचा मेयर, ज्याने चार मिनिटांत पूल पाडायला घेतला होता. आज त्याच्या डोक्यावर दुसरी टोपी होती. तो फोनवर काहीतरी वाचत होता.

घड्याळावर दहा मिनिटे लागली. सुरेखाने सुरुवात आपल्या चुकीपासून केली. मी हे बांधकाम मोजले आणि मोरी म्हणाले, असे तिने सांगितले. माझ्या देशात ते मोरीच आहे. मग कंत्राटदारांची गोष्ट सांगितली, टेप कसा तिरका धरायचे ते हाताने दाखवले. दोन-तीन मेयर हसले. त्यांनाही कंत्राटदार माहीत होते. मग तिने काउंटीच्याच नियमाची व्याख्या वाचली, सावकाश. शाळेतल्या इंग्रजीचा फायदा असा, की प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो.

रस्ते विभागाची संचालक पन्नाशीची, केस मागे बांधलेली, समोर लॅपटॉप. तिने विचारले की काउंटीच्या नोंदवहीत पाच पूर्णांक सात आहे आणि ती नोंद तीस वर्षे जुनी आहे. ती चुकीची आहे असे तुमचे म्हणणे आहे का?

"नाही मॅडम," सुरेखा म्हणाली. "नोंद खरी आहे. मलाही तेवढेच आले. फक्त ते ओढ्याचे माप आहे. तुमचा नियम रस्त्याचे माप मागतो."

संचालकबाई आता स्क्रीन पाहत नव्हत्या, सुरेखाच्या हातातल्या कागदावरचा नकाशा पाहत होत्या, जिथे ओढा तिरका काढला होता. मग त्यांनी वॉर्डनकडे वळून सांगितले की ही जागा इथून वीस मिनिटांवर आहे. स्वतः जाऊन मोजून येते.

पिकेटने फोन खाली ठेवला.

मध्यंतर

कॉफी. बिस्किटे. नाओमीने पर्समधून करंज्यांचा डबा काढला आणि लॉबीतल्या सगळ्यांपुढे धरला, मेयरांपुढेही. पिकेट दोन घेऊन म्हणाला, लव्हली. नाओमीने रुचाच्या कानाशी मराठीत सांगितले की पूल पाडणाऱ्याला चव चांगली आहे.

सुरेखा खिडकीपाशी उभी. तिच्या मनात एकच भीती होती, की संचालक बाई सरळ माणूस आहे आणि सवयीने टेप काटकोनात धरेल. तिने बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले आणि भीती वाढली.

एक तास.

सव्वा तास.

बाईंची गाडी आली. बुटांना चिखल आणि बर्फ. सोबतच्या माणसाच्या हातात टेप होता. त्या आत जाताना थांबल्या नाहीत, पण सुरेखाजवळून जाताना हलकेच म्हणाल्या की आपणही आधी सरळच धरला होता.

विषय क्रमांक ४, पुढे चालू

संचालकबाईंनी उभे राहून सांगितले. रस्त्याच्या मध्यरेषेवर, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, सहा पूर्णांक दोन आठ.

एक सेंटिमीटरचा फरक सुरेखाने मनात थंडीच्या खाती टाकला.

क्लार्कने नियम वाचून सांगितले की अशा स्थितीत हे बांधकाम पूल ठरते, आणि पूल काउंटीच्या ताब्यात येतो. टाउनशिपला तो पाडायचा अधिकार नव्हता. काउंटीने ताबा मान्य करण्याचा ठराव करावा.

ऐनवेळचा विषय

दूरच्या टोकाच्या टाउनशिपचा उपमेयर, लाल चेहऱ्याचा, चर्चेत प्रथमच बोलला. त्याचे म्हणणे सोपे होते. आज हा पूल, उद्या दुसरा. प्रत्येक ओढ्यावर लोक टेप घेऊन उतरतील. त्यापेक्षा नियमच बदलू. सहाच्या जागी सात मीटर करा, विषय संपला.

नाओमीने रुचाचा हात धरला. सुरेखाची दहा मिनिटे संपली होती, तिला आता बोलता येत नव्हते. ती टेबलाकडे पाहत राहिली. अशा सभा तिने शेकड्यांनी पाहिल्या होत्या. आकडा बदलणे फार सोपे असते. एक हात वर, दुसरा हात वर, झाले.

वॉर्डनने संचालकबाईंना विचारले की सहा ते सात मीटरमधले पूल काउंटीत किती आहेत. बाईंनी लॅपटॉपवर पाहिले.

"एकोणीस."

आणि नियम बदलला तर ते जातील कुठे?

"आपापल्या टाउनशिपकडे."

चौदा माणसे काउंटीचे सदस्य म्हणून बसली होती, पण आता प्रत्येक जण मनातल्या मनात घरी परतला होता. आपल्या हद्दीतले ओढे मोजत होता. कोणाकडे तीन, कोणाकडे चार. दोन ट्रक आणि एक मेयर. लाल चेहऱ्याच्या उपमेयरच्या शेजारी त्याचाच मेयर बसला होता, आणि तो त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होता की पाहणाऱ्यालाही अवघडल्यासारखे व्हावे.

वॉर्डन म्हणाली, या दुरुस्तीला कोणाचे अनुमोदन आहे?

कोणी नाही.

तिने पुन्हा विचारले. नियमाप्रमाणे एकदाच विचारायचे असते, पण तिला मजा येत असावी.

कोणी नाही.

दुरुस्ती अनुमोदकाअभावी बारगळली. चौतीस वर्षे सुरेखाने इतिवृत्तांत हे वाक्य आपल्या बाजूने यावे म्हणून वाट पाहिली होती. ते आले ते इंग्रजीत आणि सात समुद्रांपलीकडे, तरी तिला एकेक शब्द ओळखू आला.

ठराव

ब्लेअर ओढ्यावरील पूल क्रमांक चौदा काउंटीच्या ताब्यात घेण्यात यावा, पाडकाम तात्काळ थांबवावे, आणि कायमच्या दुरुस्तीपर्यंत तात्पुरता लोखंडी पूल टाकावा.

सूचक : लॉर्न पिकेट.

होय, तोच. सहा आठवड्यांपूर्वी ज्याने पाडायचा ठराव मांडला, त्यानेच उभे राहून वाचवायचा मांडला, आणि वर या पुलाचे आपल्या समाजासाठी किती महत्त्व आहे यावर दोन मिनिटे बोलला. रुचाला राग आला. ती पुटपुटली की धिस मॅन हॅज नो शेम. सुरेखाने तिला गप्प केले. तिला पिकेटचा अजिबात राग नव्हता. डोक्यावरचे ओझे उतरवून मिळाले तर माणूस कोणत्याही टोपीत नाचतो, आणि त्याला नाचू द्यावे.

अनुमोदक : सहा हात एकदम वर गेले. क्लार्कने जवळचा घेतला.

बाजूने तेरा. विरोधात एक, लाल चेहरा, तत्त्व म्हणून.

प्रेक्षकांच्या बाकावर टाळ्या वाजवायची पद्धत नाही. नाओमीने वाजवल्या. वॉर्डनने हातोडी उचलली, नाओमीकडे पाहिले आणि हातोडी परत ठेवली.

अंमलबजावणी

नाओमीने लॉबीतूनच फोन लावले. ईमेल नाही, फोन. पहिल्या आईला काय सांगावे हे तिला नीट सुचेना. ती म्हणाली, "पूल आपला झाला." मग लक्षात आले की समोरची बाई मराठी नाही. इंग्रजीत पुन्हा सांगितले.

लोखंडी पूल तीन आठवड्यांनी आला, दोन लांब ट्रकांवर, तुकड्यातुकड्यांनी. क्रेनने एका दिवसात जोडून ठेवला. एका वेळी एक गाडी, पण गाडी. अठरा डिसेंबरला, बर्फ पडून गेल्यावर, सव्वासातला काउंटीचा बर्फ हटवणारा मोठा निळा प्लाऊ त्याच्यावरून गेला. टाउनशिपच्या प्लाऊपेक्षा दुप्पट रुंद. शेवटचा वळसा घालून लवकर आलेली ओवी आणि शेतकऱ्याचा मुलगा नाओमीच्या पुढच्या खिडकीला नाक लावून उभे होते. नाओमी मागून म्हणत होती, बघा, आपला रस्ता साफ करतायत, आणि मुले म्हणत होती, इट्स ह्यूज.

सात चाळीसला पहिली गाडी. सात पंचेचाळीसला दोन एकामागे एक, दुसरी पलीकडे थांबून पहिलीला वाट देत होती. आठला चौथी. दारातल्या चटईवर सहा जोड स्नो बूट झाले आणि त्यांच्याखाली पाण्याचे तळे.

सव्वाआठला बेल वाजली. वसाहतीत नुकतेच आलेले एक जोडपे, कडेवर बाळ. पूल उघडला असे ऐकले, जागा आहे का?

नाओमीने बाळाकडे पाहिले, चटईकडे पाहिले, आणि कॉफीचा मग हातात घेऊन, मे महिन्यानंतर पहिल्यांदाच, मोठ्या रुबाबात सांगितले की सॉरी, सध्या फुल आहे. वेटिंग लिस्टमध्ये नाव लिहून घेते.